समुद्राची आई

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यात माझं हिमोग्लोबिन साडेआठवर आलं होतं. अंगण झाडलं तरी धाप लागायची, जिना चढताना दोनदा थांबावं लागायचं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, जेवणाच्या चार गोष्टी सांगितल्या. ही बातमी आमच्या गल्लीत पसरायला असा कितीसा वेळ लागणार? संध्याकाळी शेजारच्या वहिनी हातात एक बाटली घेऊन हजर! आत गडद हिरव्या गोळ्या. त्यांच्या भिशीतल्या कुणीतरी विकायला ठेवल्या होत्या म्हणे. रक्त वाढतं, केस गळायचे थांबतात, थकवा जातो, असं बरंच काही त्या सांगत होत्या. मी झाकण उघडलं, तर बंद विहिरीचा येतो ना, तसा वास!

गणपतीला माझी भाची आली होती. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करतेय. तिनं बाटलीवरचं लेबल वाचलं आणि सरळ सांगून टाकलं, की मावशी, हे शेवाळ आहे. सासूबाईंच्या हातातली जपाची माळ तिथंच थांबली. हौदाला धरतं ते? जे घासता घासता आपली कंबर मोडते, त्याच्या गोळ्या करून लोक पैसे घेतात? त्यांना काही केल्या पटेना.

मग भाचीनं आम्हाला ओट्याशी उभं राहूनच सगळं समजावलं. हौदातलं शेवाळ वेगळं आणि हे वेगळं. याचं नाव स्पिरुलिना. डोळ्यांना एकेकटं दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर स्प्रिंगसारखं वळलेलं. खाऱ्या-खारट पाण्याच्या टाक्यांमध्ये ते वाढवतात. पाणी गर्द हिरवं झालं, की बारीक कापडातून गाळून घेतात. चक्का बांधावा तसा गोळा उरतो. तो दाबून त्याचं पाणी काढायचं, शेवेच्या साच्यातून पाडावी तशी त्याची शेव पाडायची, वाळवायची, दळायची आणि गोळ्या करायच्या. तामिळनाडूत काही ठिकाणी गावच्या बायका छोट्या टाक्यांमध्ये हे काम करतात. आणि आफ्रिकेत चाड नावाच्या तळ्याच्या काठी कानेंबू जमातीच्या बायका तर पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावरची हिरवी साय गोळा करून वाळूत वाळवतात, वड्या पाडतात आणि आमटीत घालतात. ना कारखाना, ना लेबल! आपल्याकडच्या सांडग्या-कुरडयांसारखंच ते वर्षाचं साठवण.

एवढं सगळं ऐकून सासूबाई जरा निवळल्या. मी मात्र गप्पच झाले. कारण एक गोष्ट भाचीला ठाऊक होती, पण वहिनींना नव्हती. वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्याकडेही आहे. बी.एस्सी., पहिला वर्ग. शेवाळावर तर मी वर्गात सेमिनार दिला होता. पण लग्नाला २४ वर्षं झाली आणि त्या पदवीवर इतके थर चढले, की घरात शेवाळाची बाटली आली तरी मला ओळखता आली नाही.

भाचीच्या लक्षात आलं असावं. दुपारी निवडायला मेथी घेऊन बसलो, तेव्हा तिनं मला एका बाईची गोष्ट सांगितली. ती बाई १९५७ सालीच वारली. ती कधी जपानला गेली नाही, पण जपानच्या एका देवळात तिचं स्मारक आहे आणि दरवर्षी तिथं तिच्या नावानं उत्सव होतो. तिथले कोळी तिला समुद्राची आई म्हणतात. भाची गेल्यावर मी तिनं पाठवलेलं सगळं वाचून काढलं. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

तिचं नाव कॅथलीन मेरी ड्रू. जन्म ६ नोव्हेंबर १९०१ चा, इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातल्या ली या गावचा. शाळा झाली सॉल्सबरीला. मुलगी हुशार, शिष्यवृत्ती मिळवून मँचेस्टर विद्यापीठात गेली. १९२२ मध्ये वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली, तीही पहिल्या वर्गाच्या सन्मानासह. त्या काळात विज्ञान शिकणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या असायच्या, हे लक्षात घ्या. पुढच्याच वर्षी एम.एस्सी. केलं आणि त्याच विद्यापीठात ती शिकवायला लागली.

वनस्पतिशास्त्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं गुलाब, आंबा, वड येतात. कॅथलीनचं मन जडलं ते फूल नाही, फळ नाही, बी नाही अशा गोष्टींवर. शेवाळावर, तेही समुद्रातल्या लाल शेवाळावर. १९२५ मध्ये तिला कॉमनवेल्थ फेलोशिप मिळाली. एकटी मुलगी अमेरिकेत गेली. कॅलिफोर्नियातल्या बर्कले इथं दोन वर्षं काम केलं, नमुने गोळा करत थेट हवाई बेटांपर्यंत पोचली. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट! आमच्याकडे अजून मुलीला पुण्याला वसतिगृहात ठेवायचं म्हटलं तर घरात चार बैठका होतात.

परत आली तेव्हा तिच्या नावावर संशोधन होतं, हातात अनुभव होता. आता तिचा रस्ता मोकळा, असं कुणालाही वाटलं असतं. १९२८ मध्ये तिनं लग्न केलं. नवरा हेन्री राइट-बेकर, मँचेस्टरमध्येच शिकवणारा, यंत्रशास्त्रातला. आणि लग्न केलं म्हणून तिची नोकरी गेली.

हो, खरंच. तिचं काम कमी पडलं नव्हतं की कुणाशी भांडण झालं नव्हतं. विद्यापीठाचा नियमच होता, की विवाहित बाई नोकरीत ठेवायची नाही. हेन्रीनंही तेच लग्न केलं होतं, पण त्याच्या नोकरीला काही झालं नाही.

इंग्लंडमध्ये तेव्हा हा नियम सर्रास होता. शाळांमधल्या शिक्षिकांवरचा १९४४ च्या कायद्यानं उठला, सरकारी कचेऱ्यांमधला १९४६ मध्ये. आणि हे तिकडचं म्हणून आपण नाक मुरडायचं कारण नाही. आपल्या भारतीय परराष्ट्र सेवेत बाईला लग्न करायचं तर आधी सरकारची लेखी परवानगी लागायची, आणि लग्नानंतर राजीनामा मागायची सोयसुद्धा नियमात होती. सी. बी. मुथम्मा नावाच्या अधिकारी बाई त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठं १९७९ मध्ये न्यायालयानं सरकारचे कान उपटले.

कॅथलीनकडे असं कुठलं न्यायालय नव्हतं. मग तिनं काय केलं? ती प्रयोगशाळा सोडून गेली नाही. विद्यापीठानं तिला संशोधक म्हणून मानद जागा दिली. मानद म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. नाव आहे, काम आहे, पगार नाही. घरात दोन मुलं झाली. मुलं, घर आणि सूक्ष्मदर्शक, या तिन्हींत तिची वर्षं जात होती. १९३९ मध्ये त्याच विद्यापीठाची डी.एस्सी. तिनं मिळवली. मँचेस्टरला समुद्र नाही, तर नवऱ्याच्या मदतीनं भरती-ओहोटीची टाकी तयार केली, म्हणजे किनाऱ्यावरचं शेवाळ तिला शहरात वाढवता यावं. नवऱ्याचं हे मला फार आवडलं. बायकोला मदत म्हणजे सणावारी एकदा चहा करणं, एवढ्यावर थांबणारा तो नव्हता.

आता तिच्या शेवाळाकडे वळू. त्याचं नाव पोर्फायरा. खडकाला चिकटून वाढतं, जांभळट-तांबूस रंगाचं, इतकं पातळ की ओल्या जिलेटिनच्या कागदासारखं. ब्रिटनमधल्या वेल्सच्या किनाऱ्यावर लोक ते पूर्वापार खातात. तासन्‌तास शिजवून त्याचा लगदा करायचा, ओटच्या पिठात घोळवायचा आणि तव्यावर परतायचा, अशी तिथली रीत. जपानमध्ये याच जातकुळीचं शेवाळ म्हणजे नोरी. सुशी नावाचा भाताचा पदार्थ तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल, त्याला बाहेरून काळपट हिरवा कागद गुंडाळलेला असतो ना, तीच नोरी.

जपानी लोक शेकडो वर्षांपासून या नोरीची शेती करत आले. शरद ऋतूत उथळ समुद्रात बांबू, फांद्या रोवायच्या, पुढं जाळी बांधायला लागले. थंडीत त्यावर आपोआप नोरी उगवायची. ती खुडायची, गोड्या पाण्यात धुवायची, बारीक चिरायची, पाण्यात कालवून चटईच्या चौकटीवर पातळ पसरायची आणि उन्हात वाळवायची. आपण सालपापड्या घालतो, अगदी तोच हात. सुटून आलेला ताव साधारण १९ बाय २१ सेंटिमीटरचा, वजन जेमतेम ३ ग्रॅम.

पण या शेतीत एक मोठी गोम होती. शेतकऱ्याकडे बियाणंच नव्हतं! उन्हाळा आला की नोरी नाहीशी व्हायची आणि थंडीत पुन्हा यायची. मधले महिने ती कुठं असते, कोणालाच माहीत नव्हतं. कोळी जाळी बांधायचे आणि हात जोडून वाट बघायचे. आली तर आली. म्हणूनच तिला तिकडे नशिबाचं गवत म्हणायचे. एका वर्षी घर भरावं, दुसऱ्या वर्षी कर्ज काढावं. पावसाच्या भरवशावर कोरडवाहू कसणाऱ्या घरातल्या बायकांना हे वेगळं समजवायला नको.

आणि मग दुसरं महायुद्ध झालं. जपान उद्ध्वस्त. त्यातच १९४८ च्या सुमारास वादळांनी किनारे धुऊन नेले आणि नोरीचं पीक साफ बुडालं. नुसती वाट पाहण्याशिवाय हातात काही नव्हतं, कारण पेरायला काही नव्हतं.

इकडे मँचेस्टरमध्ये कॅथलीनला जपानच्या या संकटाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला कोडं पडलं होतं ते आपल्या किनाऱ्यावरच्या पोर्फायराचं. हे शेवाळ एका ऋतूत दिसतं, दुसऱ्या ऋतूत जातं कुठं? त्याचे बीजाणू, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं बी, पाण्यात सुटतात हे माहीत होतं. पण प्रयोगशाळेत बशीत ठेवले, तर त्यांतून नवीन पोर्फायरा काही उगवेना.

तिनं बशीत शिंपलं ठेवलं. आणि मैत्रिणींनो, ते बीजाणू शिंपल्याच्या कवचात शिरले! कवच पोखरत आतल्या आत त्यांचे बारीक तंतू पसरले, शिंपल्यावर गुलाबी-तांबूस डाग दिसायला लागले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर हे तंतू शास्त्रज्ञांच्या जुन्या ओळखीचे निघाले. १८९२ मध्येच एका ब्रिटिश शास्त्रज्ञानं त्यांची नोंद करून त्यांना काँकोसेलिस असं नाव दिलं होतं. फक्त तेव्हापासून सगळे ती वेगळीच वनस्पती समजत होते. शिंपल्यातला सूक्ष्म जीव वेगळा आणि खडकावरचं पानासारखं शेवाळ वेगळं, असंच पुस्तकांत लिहिलेलं. कॅथलीननं दाखवून दिलं, की ही दोन नाहीत. एकाच वनस्पतीची ही दोन रूपं. फुलपाखरू आणि अळी, तसं. फरक इतकाच, की यातलं एक रूप शिंपल्यात लपून बसतं आणि नुसत्या डोळ्यांना त्याचा एक डाग तेवढा दिसतो.

हा शोध तिनं १९४९ मध्ये नेचर या शास्त्रीय साप्ताहिकात छापला. लेख जेमतेम दोन पानांचा. शेतीचा, पैशाचा विषय त्या कामात नव्हताच.

जपानमधल्या क्यूशू विद्यापीठात सोकिची सेगावा नावाचे शास्त्रज्ञ होते. कॅथलीनचं काम त्यांच्यापर्यंत पोचलं आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. जपानी नोरीही पोर्फायराच की! मग तिचंही बी उन्हाळाभर शिंपल्यातच दडत असणार. त्यांनी तपासलं, तसंच निघालं. वादळांनी पीक का बुडालं, तेही उमगलं. समुद्राच्या तळाचे शिंपलेच विस्कटून गेले, तर शिंपल्यातलं बी तरी कुठून राहणार?

पुढं जपानी संशोधकांनी उरलेला अर्धा रस्ता पार केला. शिंपल्यातले तंतू थंडीच्या सुरुवातीला नवे बीजाणू सोडतात आणि त्यांतून पुन्हा पानासारखी नोरी उगवते, हे चक्र पूर्ण जुळवलं. कुमामोतोतले संशोधक फुसाओ ओता आणि त्यांच्यासारख्या इतरांनी १९५३ च्या सुमारास ते कोळ्यांच्या हातात जाईल असं करून दाखवलं. कालवाचे शिंपले टाकीत ठेवायचे, त्यांवर नोरीचं बी सोडायचं, उन्हाळाभर ते शिंपल्यात पोसायचं. शिंपले काळपट होतात. शरदात पाणी गार झालं की शिंपले बी सोडतात, ते जाळ्यांवर धरायचं आणि जाळी समुद्रात नेऊन बांधायची. दीड-दोन महिन्यांत पहिली खुडणी, मग थंडीभर पुन्हापुन्हा.

म्हणजे बघा, जो शेतकरी नशिबावर जाळी टाकत होता, त्याच्या हातात पहिल्यांदा बियाणं आलं. नशिबाच्या गवताची पेरून घ्यायची शेती झाली. आज जपानमध्ये नोरीचे अब्जावधी ताव निघतात, चीन आणि कोरियातही ही शेती शिंपल्यांतल्या बियाण्यावरच चालते. नोरी खाणाऱ्याला प्रथिनं मिळतात, लोह मिळतं आणि शाकाहारात मुश्किलीनं सापडणारं बी-१२ जीवनसत्त्वही तिच्यात आढळतं. त्यामुळं नोरीवर पूरक आहाराच्या अंगानंही अभ्यास चालू असतो.

आणि कॅथलीन? तिनं चाळीसहून अधिक शोधनिबंध लिहिले. १९५२ मध्ये ब्रिटनमधल्या शेवाळाच्या अभ्यासकांनी आपली संस्था स्थापन केली, तिच्या संस्थापकांत ती होती आणि पहिली अध्यक्षही तीच झाली. जिला एकेकाळी लग्नाच्या कारणावरून दार दाखवलं, तिलाच त्या क्षेत्रातल्या माणसांनी पुढच्या खुर्चीवर बसवलं. पण सुख फार दिवस लाभलं नाही. कॅन्सरनं गाठलं. १४ सप्टेंबर १९५७ रोजी ती गेली, तेव्हा छप्पन्नावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. जपान तिनं पाहिलं नाही ते नाहीच. आपल्या शिंपल्यातून तिकडे किती चुली पेटल्या, हे तिनं डोळ्यांनी कधी बघितलं नाही.

कोळी मात्र विसरले नाहीत. त्यांनी आपापसांत वर्गणी काढली आणि १९६३ मध्ये कुमामोतो प्रांतातल्या उतो इथं, आरिआके समुद्राच्या काठी, सुमियोशी देवळाच्या आवारात तिचं स्मारक उभं केलं. दरवर्षी १४ एप्रिलला तिथं ड्रू उत्सव होतो. धर्म वेगळा, भाषा वेगळी, देश तर काही वर्षांपूर्वीपर्यंत शत्रूपक्षातला! तरी त्या माणसांना वाटलं, की आपल्या ताटातल्या घासावर हिचं ऋण आहे.

भाचीनं ही गोष्ट संपवली, तोवर मेथीच्या दोन जुड्या निवडून झाल्या होत्या आणि माझे डोळे भरून आले होते. पण नंतर रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला राग यायला लागला. अशा गोष्टी सांगताना आपण पटकन म्हणून जातो, की बघा, पगाराची अपेक्षा न करता केवढं काम केलं! जणू पगार नसणं हाच तिचा मोठेपणा. मला नाही तसं वाटत. तिला पगार मिळायला हवा होता. ती फुकट राबली म्हणून हा शोध लागला नाही, ती चिकटून राहिली म्हणून लागला. आणि ती चिकटून राहू शकली, कारण नवरा पाठीशी होता आणि तिचा पगार नसतानाही घर चालत होतं. ज्यांच्याकडे हे नव्हतं, अशा किती कॅथलीन नियमाखाली चिरडून घरी बसल्या असतील, त्यांची मोजदाद कुणी ठेवलीय?

माझंच सांगते. लग्नानंतर दोन वर्षांनी एका शाळेत विज्ञानाच्या शिक्षिकेच्या जागेसाठी मी मुलाखतीला गेले होते. माझे गुण पाहिले, पाठ घ्यायला लावला, सगळ्यांना आवडला. शेवटी समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, की मूलबाळ आहे का. नाही म्हटल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे लवकरच रजा मागणार, एवढा अर्थ मलाही कळला. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्या शाळेचं नाव घेण्यात आता अर्थ नाही. मला लागलं ते वेगळंच. त्या दिवशी घरी येऊन मी माझी हर्बेरियमची फाइल, वर्तमानपत्रात दाबून वाळवलेल्या दीडशे वनस्पतींची, माळ्यावर टाकली ती टाकलीच. मला कुणी पुस्तक उघडायला बंदी केलेली नव्हती. दार त्यांनी लावलं हे खरं, पण कडी मीच घालून घेतली होती.

आता त्या हिरव्या बाटलीचं काय झालं ते विचाराल. मी भाचीला घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की स्पिरुलिनात प्रथिनं भरपूर आहेत, लोहही आहे, पण तुमच्यासारखं हिमोग्लोबिन उतरलं असेल तर उपचाराच्या गोळ्यांना तो पर्याय नाही. आणखी एक गोष्ट सांगितली, ती शाकाहारी मैत्रिणींनी लक्षात ठेवावी. स्पिरुलिनात बी-१२ असतं असं बाटल्यांवर लिहिलेलं असतं, पण त्यातलं बहुतेक आपल्या शरीराला वापरता न येणाऱ्या रूपातलं असतं. त्याच्या भरवशावर राहू नका. शिवाय पाण्यात वाढणारी वस्तू ही, टाकी अस्वच्छ असेल तर तिच्यात नको ते विषारी शेवाळही मिसळू शकतं. म्हणून घ्यायचंच तर परवाना, चाचणी बघून घ्या, भिशीतल्या भरवशावर नको. वहिनींना हे सांगताना थोडं जड गेलं, पण त्यांनी समजून घेतलं. माझं हिमोग्लोबिन चार महिन्यांत अकराच्या पुढं गेलं, ते डॉक्टरांच्या गोळ्यांनी आणि मेथीनं.

पण त्या बाटलीनं मला एक गोष्ट परत दिली. दिवाळीच्या साफसफाईत मी माळ्यावरून फाइल काढली. निम्म्या पानांना कसर लागली होती. उरलेली उन्हात ठेवली, नव्या कागदावर चिकटवली. भाचीनं फोनवर एकेका पानाचा फोटो मागितला आणि नाव विचारलं. दहांतली सात मला न बघता सांगता आली! सासूबाई आता आल्यागेल्याला सांगतात, की आमची सून झाडांची डॉक्टर आहे.

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं, समुद्राकाठचं. लहानपणी ओहोटीला आम्ही बायकांबरोबर कालवं काढायला जायचो. पावसाळ्यात खडकांवर जांभळट पातळ बुळबुळीत काहीतरी यायचं, त्यावरून मी दोनदा आपटलेही आहे. आई ओरडायची, त्या घाणीत पाय घालू नको म्हणून. परवा भाचीनं सांगितलं, की कोकण आणि गोव्याच्या खडकांवर पावसाळ्यात पोर्फायराचीच एक जात उगवते, पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस नावाची. म्हणजे जपानी कोळ्यांचं नशिबाचं गवत आमच्या पायाखाली होतं की काय? असेल किंवा नसेलही. ते बघायला येत्या पावसाळ्यात आम्ही दोघी जाणार आहोत. ती तिचा सूक्ष्मदर्शक आणणार आहे, मी माझी फाइल. खडक घसरडे असतात, म्हणून एक काठी तेवढी बरोबर घेईन.

तुमच्याही माळ्यावर असं काही पडलंय का? शिवणाची डिझाइनं, संगीत विशारदच्या वह्या, अर्धवट राहिलेली पदवी? या आठवड्यात एकदा काढून ऊन तरी दाखवा. पुढचं पुढं बघू!